पावणेअकरा मिली

रात्री पावणेतीन. सयाजी हॉस्पिटल, तळमजला.
सात नंबर बेडची नळी मशीनमधून काढली
आणि हात थांबला.
खाली लाल बसलं होतं नेहमीसारखं,
वर पिवळं पाणी हवं, तिथं दूध.
म्हशीचं नाही, इतकं दाट नाही,
पण नळीमागे नावाची चिठ्ठी धरली
तर अक्षरं बुडाली.

वर फोन लावला. सलाइनमधून चरबी देताय का?
नाही, नर्सबेन म्हणाली,
चार दिवसांत यांच्या पोटात
चमचाभर वरणही गेलेलं नाही.

त्र्यंबक शिर्के, वय सत्तर.
विश्वामित्री घरात येऊन गेली,
तिचा गाळ उपसताना टाचेत पत्रा घुसला.
धुतला, हळद लावली, विसरले.
टाच, पोटरी, मांडी,
मग रक्तातच सगळीकडे ते जंतू.

काउंटरच्या जाळीपाशी त्यांची मुलगी
निरुपमा, ओढणीत मोबाइल गुंडाळून.
दाखवू नये, नियम आहे. दाखवली.
तिनं नळी दिव्याकडे तिरपी केली, सवयीनं,
आणि म्हणाली, "साडेतीन असेल."
काय साडेतीन?
"फॅट. बाबा डेअरीत होते ना, एकतीस वर्षं."

मग रडायच्या ऐवजी ती सांगत बसली:
आधी दहा मिली तेजाब,
त्यावर नळीच्या कडेनं, घाई न करता,
पावणेअकरा मिली दूध,
वर मिलीभर ते उग्र वासाचं अल्कोहोल.
बूच लावून फडक्यात धरून हलवायचं,
काच अशी तापते की हातात ठेववत नाही.
फिरवायचं. मग सोनेरी रेघ वर चढते
आणि तिच्यासमोरचा आकडा वाचायचा.
छाणीची, वरणाम्याची, पादऱ्याची माणसं रांगेत,
कुणाची गाय आटलेली, कुणी पाणी घातलेलं.
"पाणी घालणाऱ्यावर बाबा ओरडत नसत.
आकडा मोठ्यानं वाचत, बस."

मी तिला काय मोठ्यानं वाचू?
ट्रायग्लिसराइड सहाशे चाळीस,
चांगलं कोलेस्टेरॉल अकरा.
यंत्र चुकलं असेल म्हणून पुन्हा लावलेलं,
पुन्हा अकरा.

म्हटलं, असं होतं, ताई.
जंतू माजले की अंगात दवंडी फिरते,
कोठारं उघडा.
पोटावरची, मांड्यांवरची, वर्षांची साठवण
वितळून रस्त्यावर येते.
यकृत गाठोडी बांधत सुटतं,
पण रक्तवाहिनीच्या काठाशी
ती सोडून घेणारे जे हात असतात
तेच या धांदलीत गळून पडलेले.
स्नायूंच्या चुली ओल्या,
लाकूड दाराशी येतं, पेटत नाही.
म्हणून उपाशी माणसाचं रक्त असं
सायीला आलेलं.

"म्हणजे सगळं वायाच?"
सगळं नाही.
काही गाठोडी जंतूंच्या विषाला कवटाळतात,
लोण्यात केस रुतावा तसं ते त्यांत रुततं,
आणि यकृताच्या दारी नेऊन सोडतात.
किती, आणि पुरतं का,
ते मला माहीत नाही. मी नळ्या फिरवते.

तिनं मान हलवली.
जाताना विचारलं, "बूच रबरीच ना तुमच्याकडे?
बाबांना काचेचं आवडत नसे, निसटतं."

दुसऱ्या रात्री नमुना घेऊन नर्सबेन स्वतः आली.
तुमचे काका बरळतात, म्हणाली,
हळू, कडेनं सोड, कडेनं.
इंजेक्शन देणाऱ्या पोरानं
खरंच हात सावकाश केला.

मशीन थांबलं. नळी दिव्याशी धरली,
मागे तीच चिठ्ठी.
दूधच, पण पातळ.
त्र्यंबक वाचता येतंय, धूसर.
शिर्के अजून नाही.